संबळाच्या ठोक्याला लिनक्स वेळेवर पोचते का?

काठी संबळावर पडली आणि तोच ठोका हेडफोनमध्ये किंचित मागून ऐकू आला, की संबळवादक थबकतो. माहूरच्या रेणुकेच्या गोंधळात रात्र रात्र उभा राहून वाजवणारा माणूस लयीला कच्चा नसतो. पण आपलाच ठोका उशिरा परत मिळू लागला की पक्की लयही सुटते. मग तो हेडफोन एका कानावरून खाली सरकवतो आणि अंदाजाने वाजवतो. रेकॉर्डिंग करणारा नंतर माउसने एकेक ठोका ओढून जागेवर बसवत राहतो. या ओढाओढीत रात्री जातात, आणि तिचे मूळ कलावंताच्या हातात नसून संगणकाच्या पोटात असते.

नांदेड-लातूरकडचे छोटे स्टुडिओ म्हणजे बहुधा घरातलीच एक खोली. भिंतींना फोम, एक बरा माइक, दोन स्पीकर, साउंड कार्ड आणि संगणक. कामाला हंगाम असतो. नवरात्राआधी देवीची गाणी, माळेगावच्या यात्रेआधी खंडोबाची, १४ एप्रिलच्या आधी भीमगीते, किनवटकडून येणारी बंजारा गीते, आणि वर्षभर भजनी मंडळांचे अभंग. संगणकावर बहुतेक ठिकाणी विंडोज आणि त्यावर एफएल स्टुडिओ. ती प्रत विकत घेतलेली असतेच असे नाही. हे सगळ्यांना ठाऊक असते, कोणी विचारत नाही. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे अपडेट थांबवले. विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठव्या पिढीपासूनची चिप लागते. त्यामुळे ठणठणीत चालणारे कितीतरी जुने संगणक एका दिवसात कालबाह्य ठरले. त्यांच्यावर लिनक्स ही मुक्त प्रणाली टाकून गाणे करता येईल का, हा प्रश्न आता छंदिष्टांपुरता उरलेला नाही.

उत्तरे तीन तऱ्हेची मिळतात. जुने जाणकार सांगतात की खास कर्नल, म्हणजे लिनक्सचा वेगळा गाभा, टाका, वीस सेटिंग्ज बदला, मगच माइकला हात लावा. नव्या पिढीचे म्हणणे असे की काही करायचे नाही, टाका आणि वाजवा. तिसरा गट म्हणतो, या नादी लागू नका, पोट गाण्यावर असेल तर विंडोज किंवा मॅक घ्या. तिघेही आपापल्या कामापुरते खरे बोलतात. मात्र आपले काम कोणते, हे तिघांपैकी कोणी आधी सांगत नाही.

आधी उशिराचा हिशेब. संगणक आवाज सलग घेत नाही. तो सेकंदाला ४८,००० नमुने घेतो आणि त्यांचे गठ्ठे बांधून पुढे ढकलतो. या गठ्ठ्याला बफर म्हणतात. १,०२४ नमुन्यांचा गठ्ठा भरायला २१ मिलिसेकंद लागतात, २५६ ला ५.३, १२८ ला २.७ आणि ६४ ला १.३. आवाज आत येताना एक गठ्ठा आणि बाहेर जाताना सहसा दोन, म्हणजे १२८ च्या बफरवर जाण्यायेण्यात ८ मिलिसेकंद गेले. साउंड कार्डाचे आणि यूएसबीचे दोन-तीन वर. चाळीस अंशांच्या हवेत आवाज सेकंदाला साधारण ३५५ मीटर जातो. त्या मापाने ८ मिलिसेकंद म्हणजे पावणेतीन मीटरच्या आसपास. रंगमंचावर गायिका आणि ढोलकीवाला यांच्यात एवढे अंतर असतेच, आणि त्यावरून कोणाची लय बिघडल्याचे ऐकिवात नाही. १,०२४ चा बफर मात्र याच हिशेबाने ६४ मिलिसेकंदांवर, म्हणजे बावीस-तेवीस मीटर लांब जातो. संबळवादकाला मंडपाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन उभे केले आणि तिथूनच साथ कर म्हटले, तर तो जे म्हणेल तेच त्याचा हात हेडफोन लावल्यावर म्हणत असतो.

मग बफर लहान का ठेवत नाहीत? कारण १२८ च्या बफरवर संगणकाला दर सेकंदाला ३७५ वेळा नवा गठ्ठा हजर करावा लागतो. पाच मिनिटांच्या गाण्यात हे एक लाख साडेबारा हजार वेळा. त्यातला एकच चुकला की स्पीकरमधून ‘कट्’ असा आवाज येतो. लिनक्सवाले त्याला एक्सरन म्हणतात, स्टुडिओवाले सरळ ‘कडकड’ म्हणतात. संगणक सरासरीने किती वेगवान आहे याला इथे काही किंमत नाही. एक लाख वेळांतल्या सगळ्यात वाईट वेळी तो किती उशीर करतो, एवढेच पाहायचे. म्हणून नवा कोरा महागडा लॅपटॉपही कडकडतो आणि दहा वर्षांपूर्वीचा डेस्कटॉप निमूट काम करतो. संगीतासाठी संगणक जुळवायचा म्हणजे त्याचा वेग वाढवायचा, अशी समजूत सर्रास आढळते. जुळवायचा असतो तो त्याचा स्वभाव.

लिनक्सचा मूळ स्वभाव या कामाला फारसा अनुकूल नव्हता. सर्व्हरवर हजारो लोकांना न्याय द्यायचा, कोणालाही फार वेळ उपाशी ठेवायचे नाही, अशी त्याची घडण. ‘हे काम आत्ताच, बाकीचे थांबा’ असे त्याला सांगण्याची सोय व्हावी म्हणून २००४-०५ पासून इंगो मोल्नार, थॉमस ग्लाइक्सनर आणि त्यांचे सहकारी एक वेगळा पॅच सांभाळत होते. कारखान्यातले यंत्रमानव, शेअरबाजाराचे संगणक आणि गाणारे-वाजवणारे अशी विचित्र मंडळी त्याची गिऱ्हाइके. पॅचचे तुकडे एकेक करून मुख्य कर्नलमध्ये गेले. शेवटचा अडसर होता स्क्रीनवर संदेश छापण्याच्या यंत्रणेचा. सप्टेंबर २०२४ मध्ये व्हिएन्नाच्या परिषदेत उरलेला पॅच सामावून घेण्याची विनंती कागदावर छापून, सोनेरी वेष्टनात गुंडाळून लिनक्सचे जनक लिनस टोरव्हाल्ड्स यांच्या हातात देण्यात आली. नोव्हेंबर २०२४ च्या ६.१२ या कर्नलपासून ही सोय मूळ लिनक्सचा भाग आहे. वीस वर्षांचे काम असे वाजतगाजत संपणे संगणकाच्या जगात विरळाच.

हे सगळे होईपर्यंत वादकांचे अडले होते असेही नाही. कॉर्ग कंपनीचे २००५ मधले ओॲसिस आणि २०११ मधले क्रोनोस हे भारी कीबोर्ड आतून लिनक्सवरच चालत. मोठमोठ्या ऑर्केस्ट्रांत ते वाजत होते आणि वाजवणाऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता.

घरच्या संगणकावरची खरी डोकेदुखी कर्नलपेक्षा वरच्या थरांची होती. साउंड कार्डाशी बोलणारा अल्सा, रोजच्या आवाजांसाठी पल्सऑडिओ, आणि संगीतासाठी जॅक. हा जॅक लिहिणारे पॉल डेव्हिस अ‍ॅमेझॉनच्या अगदी सुरुवातीच्या प्रोग्रामरांपैकी एक. रेकॉर्डिंगचे आर्डर हे सॉफ्टवेअरही त्यांचेच. जॅक पक्का होता, पण तो सुरू केला की यूट्यूब मुके होई, आणि यूट्यूबवरचे मूळ गाणे ऐकत त्याची चाल बसवणे हा इकडच्या स्टुडिओंचा रोजचा धंदा. अनेकांनी लिनक्सला रामराम ठोकला तो याच टप्प्यावर. २०१५ पासून रेड हॅटच्या विम टायमन्स यांनी पाइपवायर लिहायला घेतले. सुरुवात व्हिडिओपासून होती, मग त्यात आवाज आला. २०२१ मध्ये फेडोरा ३४ या लिनक्स वितरणाने ते मुळातच बसवून दिले, पुढे उबुंटूनेही. आता ब्राउझरमधले गाणे आणि आर्डरमधले रेकॉर्डिंग एकाच साउंड कार्डावर सुखाने नांदतात. माझ्या मते कर्नलच्या सोनेरी वेष्टनापेक्षा हा बदल छोट्या स्टुडिओसाठी मोठा आहे.

त्यामुळे जुन्या जाणकारांच्या वीस सेटिंग्जपैकी आता चार-पाचच उरतात. ध्वनीच्या प्रोग्रामला अग्रक्रम घेण्याची आणि मेमरी अडवून ठेवण्याची परवानगी हवी. उबुंटू स्टुडिओसारख्या वितरणात ती टाकतानाच मिळते, इतरत्र वापरकर्त्याला एका गटात घालावे लागते. त्याच उबुंटूने २०२४ मध्ये वेगळे लो-लेटन्सी (कमी उशिराचे) कर्नल देणे थांबवले आणि तेच काम संगणक सुरू होतानाच्या पर्यायांवर आणले. साउंड कार्ड यूएसबी हबमध्ये न खोचता थेट पोर्टमध्ये लावायचे, आणि त्या पोर्टजवळ वेबकॅम वा हार्ड डिस्क ठेवायची नाही. रेकॉर्डिंगच्या वेळी वायफाय बंद. काही वायफाय ड्रायव्हर दर थोड्या वेळाने नेटवर्क धुंडाळतात आणि तेवढ्यात गठ्ठा चुकतो. स्वॅपच्या आकड्यांशी खेळणे, जुन्या लेखांतून उचललेल्या ओळी आंधळेपणाने चिकटवणे, हे सोडून द्यावे. पाइपवायरसोबत पीडब्ल्यू-टॉप नावाचे एक साधे कोष्टक येते. त्यात चालू बफर दिसतो आणि ‘ईआरआर’च्या रकान्यात चुकलेल्या गठ्ठ्यांचा आकडा. एक सेटिंग बदलायचे, पाच मिनिटे वाजवायचे, तो आकडा हलला का ते पाहायचे. हलला नसेल तर सेटिंग मागे घ्यायचे. हे न करता केलेली जुळवणी म्हणजे नुसती श्रद्धा.

पुस्तकी सल्ला आणि मराठवाडा यांची गाठ पडते ती उन्हाळ्यात.

संगणकाची चिप काम नसताना वेग कमी करते आणि काम आले की वाढवते. ध्वनीच्या कामात हा चढउतार घातक, कारण वेग वर येईपर्यंत गठ्ठ्याची वेळ निघून जाते. म्हणून प्रत्येक मार्गदर्शनात पहिला सल्ला असतो: वेग कायम ‘परफॉर्मन्स’वर ठेवा. (लिनक्समधल्या या यंत्रणेची देखभाल राफाएल विसॉत्स्की यांच्या जोडीने विरेश कुमार हे भारतीय अभियंते करतात.) युरोपातल्या थंड खोलीत हा सल्ला बिनचूक. नांदेडला मे महिन्यात बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस अंश असतात. खोलीला फोम, दार लावलेले, पंखा माइकमध्ये ऐकू येतो म्हणून बंद, एसी असला तरी टेकच्या वेळी बंद. अशा खोलीत लॅपटॉप पूर्ण वेगावर धरला की दहा-पंधरा मिनिटांत चिप शंभर अंशांच्या जवळ जाते आणि स्वतःला वाचवण्यासाठी वेग एकदम खाली पाडते. गाणे नेमके तिसऱ्या कडव्यात कडकडते. शिवाय लॅपटॉपचा स्वतःचा पंखा जोरात फिरू लागतो आणि तो माइकमध्ये येतो ते वेगळेच.

इलाज उलटा आहे. चिपचा टर्बो, म्हणजे तात्पुरती वेगवाढ, बंद करायचा आणि वेगाला मधल्या पातळीवर खुंटा मारायचा: तीनऐवजी दोन गिगाहर्ट्झ म्हणा, पण वर नाही आणि खालीही नाही. चिप सत्तरीत राहते, पंखा हळू फिरतो, आणि दुपारी दोनलाही संगणक सकाळी नऊसारखा वागतो. बारा ट्रॅकच्या भजनाला किंवा पंधरा-वीस ट्रॅकच्या गाण्याला दोन गिगाहर्ट्झ पुरतात. न पुरले तर वाद्यांचे ट्रॅक एकदा ऑडिओत उतरवून घ्यायचे, ज्याला लोक ‘फ्रीझ करणे’ म्हणतात. विंडोजवरही हे करता येते, नाही असे नाही. लिनक्सवर ते दोन ओळींत होते आणि पुढच्या अपडेटने कोणी गुपचूप बदलून टाकत नाही.

दुसरी गाठ विजेची. लाइट गेली की लॅपटॉप बंद पडत नाही, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण बॅटरीवर जाताच वीज वाचवणारी यंत्रणा जागी होते. चिपचा वेग उतरतो, यूएसबी पोर्टला डुलकी लागते, आवाज नसताना साउंड चिप झोपी जाते आणि उठताना ‘टक्’ करते. गायकाला वाटते लाइट गेल्यामुळे माइक खराब झाला. रेकॉर्डिंगच्या संगणकावर हे सगळे बॅटरीसाठीसुद्धा बंद करून ठेवणे, ही इकडच्या जुळवणीतली पहिली पायरी असायला हवी. इंग्रजी मार्गदर्शनांत ती क्वचित सापडते, कारण ती लिहिणाऱ्यांची लाइट सहसा जात नाही. स्वतःचा वेगळा अडॅप्टर लागत नाही, यूएसबीवरच चालते असे साउंड कार्ड घेतलेले बरे. म्हणजे लॅपटॉप जगला तर तेही जगते. आणि अर्थिंग. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी नसेल, तर पन्नास हर्ट्झची जी ‘हूं’ ट्रॅकवर बसते ती कोणत्याही कर्नलने जात नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातुरात अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओता म्हणून सांगायला जीभ रेटत नाही, पण सांगावे तर लागते.

सगळ्यांनाच एवढे लागते असेही नाही. लातूर क्लासेसचे शहर; तिथे गाण्यापेक्षा फिजिक्सच्या तासांसाठी माइक जास्त खपत असतील. व्याख्यान रेकॉर्ड करणाऱ्याला आपला आवाज कानात परत ऐकायचा नसतो. त्याने बफर १,०२४ वर ठेवावा, ओबीएस हे रेकॉर्डिंगचे सॉफ्टवेअर चालू करावे आणि वरचे सगळे विसरावे. आधीच रेकॉर्ड झालेले मिक्स करणाऱ्यालाही मोठा बफरच बरा. लहान बफर लागतो तो थेट वाजवणाऱ्याला. ऑर्केस्ट्रातला ऑक्टोपॅडवाला पाच पिनच्या मिडी केबलने संगणकातले आवाज वाजवू पाहतो, तेव्हा १२८ म्हणजे हातात वाद्य आणि ५१२ म्हणजे हातात कटकट.

आता तिसऱ्या गटाचे म्हणणे, की धंद्याला लिनक्स चालत नाही. ते उडवून लावता येत नाही. मिरवणुकीच्या रीमिक्सचा सगळा व्यवहार एफएल स्टुडिओभोवती फिरतो. ते लिनक्सवर मुळातून चालत नाही. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या वाइनच्या आडवाटेने चालवता येते, पण गिऱ्हाईक समोर बसलेले असताना त्या वाटेने जाऊ नये. विंडोजचे प्लगइन लिनक्समध्ये वापरण्यासाठी यॅब्रिज हा चांगला पूल आहे आणि बरेच प्लगइन त्यावरून येतात. ज्यांना कॉपी-संरक्षणाचे कुलूप असते ते वाटेत अडतात. गळा सुरात बसवण्यासाठी रॉबिन गॅरियस यांचा मोफत ऑटोट्यून आहे आणि ग्रेलॉनची लिनक्स आवृत्तीही आहे. साधी दुरुस्ती नीट होते. पण महागड्या प्लगइनमध्ये एकेक स्वर हाताने ओढून बसवायची सवय झालेल्याला ती पुरत नाही. एलएमएमएस हे एफएल स्टुडिओच्या वळणाचे मोफत सॉफ्टवेअर शिकायला उत्तम, धंद्याला तोकडे. पैसे मोजायची तयारी असेल तर रीपर आणि बिटविग हे दोन्ही मुळातून लिनक्सवर चालतात, फक्त ते मुक्त सॉफ्टवेअर नाहीत. संगणक मुक्त आणि गाण्याचा प्रोग्राम विकतचा, या तडजोडीत पाप काही नाही. चोरीच्या प्रतीपेक्षा ती केव्हाही बरी.

उलट काही कामांत लिनक्सवरची मोफत साधने विकतच्यांच्या पुढे आहेत, आणि ती नेमकी आपल्या संगीताच्या कामाची आहेत. कीबोर्डचे स्वर समान अंतराने कापलेले असतात. आपला गायक तसा गात नाही. पेटीवर आकाशवाणीने १९४० ते १९७१ बंदी ठेवली होती, तिच्यामागच्या आक्षेपांत हाही एक होता. ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी बनवली ती याच दुखण्यावर. संगणकात हे काम स्काला नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलने होते. पहिल्या ओळीत नाव, मग स्वरांची संख्या, मग एकाखाली एक गुणोत्तरे: ९/८, ५/४, ४/३, ३/२, ५/३, १५/८, २/१. झाले सप्तक. सेंट या मापात (एका अर्धस्वराचे शंभर सेंट) यातला ५/४ चा गंधार ३८६ वर येतो, कीबोर्डचा ४०० वर असतो. चौदा सेंटचा हा फरक तानपुऱ्यासोबत लगेच टोचतो. झिनअ‍ॅडसबएफएक्स आणि सर्ज एक्सटी हे मुक्त सिंथेसायझर ही फाइल थेट वाचतात. भजनाच्या मागे धरलेला स्वर एकदा अशा गंधारावर लावून ऐकावा. मग गळ्याला ऑटोट्यून लावायची घाई जरा कमी होते.

संबळ, हलगी, दिमडी यांचे चांगले आवाज बाजारात सहज मिळत नाहीत. तबला आणि ढोलक ढिगाने मिळतात. तेव्हा ते आपणच बनवावे लागतात, आणि हायड्रोजन या मुक्त ड्रम-सॉफ्टवेअरमध्ये ते एका दुपारचे काम आहे. संबळाच्या दोन्ही भांड्यांचा प्रत्येक ठोका हळू, मध्यम आणि जोरात असा वेगवेगळा रेकॉर्ड करायचा, सुरुवातीची शांतता नेमकी कापायची, आणि एकाच पॅडवर थर रचायचे. किती जोराने मारले त्यावर योग्य थर वाजतो. शांतता कापताना पाच मिलिसेकंद राहिले तर वर बफरमध्ये कमावलेले सगळे इथे गमावले. तोच थर सलग दोनदा आला तर यंत्र बोलते आहे हे कळते, म्हणून प्रत्येक जोराचे दोन-तीन ठोके ठेवावेत. आणि हे करताना ज्या वादकाचा हात वापरला त्याचे मानधन एकदाच द्यायचे की दर गाण्याला, हे आधी ठरवावे. संगणकाच्या लेखात हा विषय सहसा येत नाही, यायला हवा.

लोकसंगीत आणि संगणक यांची गाठ महाराष्ट्रात आजची नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी जात्यावरच्या ओव्यांचा जो प्रचंड संग्रह केला, एक लाखाहून अधिक ओव्या आणि हजाराहून अधिक गावे, त्याच्या ध्वनिमुद्रणात आणि संगणकीय नोंदीत नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल हे फ्रेंच संगणकतज्ज्ञ सामील झाले. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी गायलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्या याच संग्रहात आहेत आणि २०१७ पासून ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) या संकेतस्थळावर हा ठेवा ऐकायला मिळतो. हेच बेल त्याआधी, ऐंशीच्या दशकात, जेम्स किपेन यांच्यासोबत बोल प्रोसेसर बनवत होते. तबल्यातल्या ‘कायदा’ या रचनाप्रकाराचे नियम अ‍ॅपलच्या छोट्या संगणकाला शिकवायचे आणि त्याने रचलेला विस्तार उस्तादांना दाखवायचा, असा तो उद्योग. बोल प्रोसेसर आज मुक्त सॉफ्टवेअर आहे आणि लिनक्सवर चालतो. गावात, ओसरीवर, बाईच्या गळ्यातून ओवी घेणाऱ्याला मिलिसेकंदांची फिकीर नव्हती. त्याला हवे होते न थांबणारे यंत्र आणि नंतर कोणालाही उघडता येईल अशी फाइल. वीस वर्षांपूर्वी एखाद्या बंद सॉफ्टवेअरमध्ये साठवलेले प्रोजेक्ट आज ज्याला उघडत नाहीत, त्याला यातले मोल वेगळे सांगायला नको. आर्डरची सेशन फाइल साधा मजकूर असते आणि ट्रॅक सुटे वेव्ह फाइलींत असतात. सॉफ्टवेअर उद्या नाहीसे झाले तरी गाणे हाती राहते.

उणीव आहे ती शिकवणाऱ्यांची. आयआयटी मुंबईत प्रा. कण्णन मौद्गल्य यांनी उभा केलेला स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प मुक्त सॉफ्टवेअर भारतीय भाषांतून शिकवतो, मराठीतूनही. गंमत अशी की या धड्यांचे डबिंगच ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या मुक्त सॉफ्टवेअरवर होते, आणि ऑडॅसिटीचे धडेही त्यात आहेत. म्हणजे साध्या ध्वनिमुद्रणापर्यंत मराठीतून पोचता येते. त्यापुढे बफर, अग्रक्रम आणि पाइपवायर यांसाठी इंग्रजीच्या दारात उभे राहावे लागते. १७ सप्टेंबर १९९४ ला स्थापन झालेल्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात ललित व प्रयोगजीवी कला संकुल आहे आणि संगणकशास्त्राचे संकुलही. एकीकडे गाणारे, दुसरीकडे लिनक्स रोज वापरणारे. या दोघांनी एका सत्रापुरते एकत्र बसून वरच्या चार-पाच गोष्टी मराठीत मांडल्या, तर नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली या चारही जिल्ह्यांतल्या स्टुडिओंना ते पुरेल.

तोवर निवड कामावर करावी. भजनी मंडळ, गोंधळ, ओव्या, शास्त्रीय बैठक, व्याख्याने हे ज्याचे काम आहे, त्याने जुना डेस्कटॉप काढावा, उबुंटू स्टुडिओ टाकावे, बफर १२८ किंवा २५६ वर ठेवावा, वेगाला खुंटा मारावा आणि कामाला लागावे. डेस्कटॉप म्हणायचे कारण उकाडा. लॅपटॉपपेक्षा तो निवांत राहतो. मात्र लाइट जाते म्हणून त्याला यूपीएस लागतो. साउंड कार्ड घेताना दुकानदाराला एकच विचारायचे: ड्रायव्हर न टाकता चालते का? फोकसराइटच्या स्कार्लेट मालिकेची अंतर्गत बटणे लिनक्समधून हाताळण्यासाठी जेफ्री बेनेट यांनी ड्रायव्हर आणि खिडकी दोन्ही लिहिले आहेत, त्यामुळे ती निवड सोपी. रीमिक्स हेच ज्याचे पोट, त्याने संगणकात दोन्ही प्रणाली ठेवाव्यात. रेकॉर्डिंग लिनक्सवर आणि रीमिक्स विंडोजवर. सगळे एका रात्रीत बदलायला निघालेल्यांचे हंगामात हाल होतात.

दोन प्रणालींत किंवा नांदेडहून पुण्या-मुंबईला मिक्सिंगसाठी गाणे पाठवताना प्रोजेक्ट फाइल उपयोगाची नाही; एफएल स्टुडिओची फाइल आर्डर उघडत नाही आणि आर्डरची एफएल स्टुडिओ. पाठवायचे ते स्टेम्स: प्रत्येक ट्रॅकची वेगळी वेव्ह फाइल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, सगळ्या शून्य सेकंदापासून सुरू होणाऱ्या, गायक तिसऱ्या मिनिटाला आला तरी. नावात ताल आणि गती लिहावी. रिव्हर्ब लावलेला आणि न लावलेला असा गळ्याचा ट्रॅक दोन्ही तऱ्हांनी द्यावा, कारण समोरचा मिक्सिंगवाला पहिला फोन करतो तो कोरा गळा मागायलाच.